निशी-कासाई स्टेशन: गर्दी, रांगा आणि आपली माणसं

खाडीकाठचा

जपानच्या रेल्वेबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक शिनकानसेनबद्दल, नाहीतर शिंजुकूच्या गर्दीबद्दल. टोकियोतल्या ज्या स्टेशनावर संध्याकाळी हमखास मराठी कानावर पडतं, त्या निशी-कासाईबद्दल मात्र कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही. मी इथे राहतो, कामाला जाताना इथूनच गाडी धरतो, म्हणून हा धागा काढतोय.

टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्ड आहे. त्याच्या दक्षिण भागात तोझाई लाइनीवर हे स्टेशन, क्रमांक टी-१६. लाइन टोकियो मेट्रोची, म्हणजे भुयारी. पण मिनामी-सुनामाची हे आधीचं स्टेशन सोडलं की गाडी उघड्यावर येते, अराकावा आणि नाकागावा या दोन नद्या एकाच लांबलचक पुलावरून ओलांडते आणि पुढे उंचावरच्या मार्गाने धावते. त्यामुळे आमचं स्टेशनही वरच आहे. दोन रूळ, दोन्ही बाजूंना एकेक फलाट, खाली तिकिटाची गेटं, आणि पुलाखालच्या कमानींमध्ये दुकानं. पर्यटकाने मुद्दाम यावं असं काही नाही. तरी करोनाच्या आधी दिवसाला लाखभर माणसं इथून जा-ये करत होती.

तोझाई लाइन या भागात आली २९ मार्च १९६९ ला. तेव्हा निशी-कासाई नव्हतंच, फक्त पुढचं कासाई होतं. हा सगळा पट्टा समुद्राला लागून. कासाईची नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते वाळवलेलं शेवाळ, नावाजलेली होती, आणि आत कमळांची शेती. मग भराव पडला, रस्ते आखले गेले, इमारती उठल्या, आणि माणसं इतकी वाढली की मध्ये आणखी एक स्टेशन घालावं लागलं. ते १ ऑक्टोबर १९७९ ला सुरू झालं.

आता गर्दी. तोझाई लाइनीवर किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा सकाळी ७:५० ते ८:५० या तासात करोनाच्या आधी १९९ टक्के भरायचा. बरीच वर्षं टोकियोतल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांमध्ये त्याचं नाव पहिलं. हे टक्के कसे मोजतात ते सांगतो, कारण आपल्याकडे त्यावरून फार गैरसमज असतात. सगळ्या सीटा भरल्या आणि उभ्या माणसांना धरायला कडी किंवा दांडा मिळाला, की १०० टक्के. १८० ला अंगाला अंग लागतं, पण वर्तमानपत्र घडी घालून वाचता येतं. २०० ला चांगलंच चेपायला होतं, साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० ला गाडी हलेल तसं हलायचं, हातही उचलता येत नाही. ही सरकारी व्याख्या आहे.

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते येतं. 'जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त' हे वाक्य मला पटत नाही. १९७५ साली टोकियो परिसरातल्या मुख्य मार्गांची सरासरी गर्दी २२१ टक्के होती. शिंजुकूला माणसं डब्यात ढकलायला १९५५ पासून वेगळी माणसं ठेवली जात होती. रक्त तेव्हाही तेच होतं. बदललं ते हे: गाड्या वाढल्या, डबे वाढले, शेजारून नवे मार्ग निघाले. आमच्या उत्तरेला फुनाबोरीपर्यंत शिंजुकू लाइन १९८३ मध्ये आली, दक्षिणेला केइयो लाइन १९९० मध्ये थेट टोकियो स्टेशनापर्यंत पोचली. आता त्या गर्दीच्या तासात तोझाईवर २७ गाड्या सुटतात, म्हणजे सव्वादोन मिनिटाला एक. पुढची गाडी नक्की येणार हे माहीत असलं की माणूस रांगेत उभा राहतो. रांग हा भरवशाचा परिणाम आहे, असं माझं ठाम मत आहे.

कुणाला या भागाबद्दल काही ठाऊक असेल तर जरूर लिहा. जुन्या लोकांनी तर लिहाच.

रुळावरचा

उत्तम धागा. मी मुंबईत रेल्वेच्या देखभाल विभागात होतो, आता निवृत्त. तोझाई लाइनीवर फिरायचा योग मुलाकडे आलो तेव्हा आला, आणि मी सगळा वेळ दरवाजेच बघत होतो.

तुमच्या लाइनीवरच्या काही गाड्यांचे दरवाजे साध्या गाड्यांपेक्षा रुंद आहेत हे लक्षात आलंय का? नेहमीचा दरवाजा १३०० मिलिमीटरचा, यांचा १८००. आधी १९९१ मध्ये ०५ मालिकेच्या काही गाड्यांना असे दरवाजे लावले, मग २०१० पासून १५००० मालिका पूर्ण रुंद दरवाजांचीच आणली. अर्धा मीटर म्हणजे एका माणसाची जागा. उतरणारे दोन्ही कडांनी उतरतात, चढणारे मधून सरकतात, आणि स्टेशनात गाडी काही सेकंद कमी थांबते.

हे काही सेकंद म्हणजेच सगळा खेळ आहे. एक गाडी फलाटावर दहा सेकंद जास्त रेंगाळली की मागची पुलावर थांबते, तिच्या मागची आणखी मागे. गर्दीच्या मार्गावर वेग रुळांवर ठरत नाही, फलाटावर ठरतो. डोंबिवलीला उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही.

म्हणूनच मिनामी-सुनामाचीचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे आधी एकच फलाट आणि दोन बाजूंना दोन रूळ होते. आता दोन फलाट, तीन रूळ करताहेत. एक गाडी माणसं चढवत असताना मागची दुसऱ्या रुळावर येऊन दरवाजे उघडू शकेल. आणि हे सगळं चालू लाइनीवर, जमिनीखाली. मे २०२४ मध्ये एका शनिवार-रविवारी तोयोचो ते निशी-कासाई वाहतूक पूर्ण बंद ठेवून रूळ सरकवले. रूळ सरकवणं म्हणजे काय हे ज्याने रात्रीच्या ब्लॉकमध्ये काम केलंय त्याला कळेल. सोमवारी सकाळी पहिली गाडी गेली पाहिजे, त्यात दुसरा पर्याय नसतो. त्या कामगारांना माझा नमस्कार.

सदाफुली

रुळावरचा काका, दरवाजांचं वाचून आता उद्या नीट बघेन.

खाडीकाठचा, तुमचा भरवशाचा मुद्दा मान्य, पण मला एक बाजू मांडायची आहे. सकाळच्या गर्दीत शहराकडे जाणाऱ्या गाडीला बायकांसाठी राखीव डबा असतो. तोझाई लाइनीवर तो नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला. तो का लागला? कारण गर्दीत अंगचटीला जाणारे पुरुष इथेही आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. स्टेशनात 'हा गुन्हा आहे' असं सांगणारी पोस्टरं लागलेली असतात. आपल्याकडे लोकलमध्ये बाई मोठ्याने बोलते, आजूबाजूच्या चार जणी उठतात, त्या माणसाला तोंड लपवायला जागा राहत नाही. इथे सगळा डबा गप्प असतो आणि त्या गप्पपणात एखाद्या शाळकरी मुलीला ओरडायलाही धीर होत नाही. शांततेचं कौतुक करताना हेही लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. नव्याने येणाऱ्या मुलींना सांगते, राखीव डबा टोकाला असतो, फलाटावर गुलाबी खूण असते, दोन मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चाला.

आता चांगली गोष्ट. इथला माझा आवडता भाग म्हणजे सायकली. सकाळी साडेसातला स्टेशनाच्या उत्तर बाजूला उभं राहून बघा. एक आई येते, पुढच्या सीटवर एक पोर, मागच्यावर दुसरं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. पाळणाघरापाशी पोरं उतरतात, आई तशीच स्टेशनाकडे. सायकल वॉर्डाच्या पार्किंगमध्ये, आणि आठच्या आत फलाटावर. या भागात चढ नावालाही नाही, त्यामुळे सासूबाई आल्या तेव्हा त्यांनीही चार दिवसांत सायकल हातात घेतली. पुण्यात सोडली होती त्यांनी, कॉलेजनंतर.

शेजारच्या कासाई स्टेशनाखाली तर यंत्राचं सायकल पार्किंग आहे. २००८ पासून. सायकल छोट्या दारापाशी लावायची, कार्ड दाखवायचं, यंत्र तिला आत ओढून जमिनीखालच्या गोल विहिरीसारख्या मनोऱ्यात ठेवतं. अशा मनोऱ्यांमध्ये ६,४८० सायकली मावतात, आणि साध्या जागा धरून एकूण ९,४००. मुलांना घेऊन पावसाळी रविवारी कुठे जावं असा प्रश्न पडला तर त्याच स्टेशनाच्या पुलाखाली भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे, १९८६ चं. माझ्या मुलाला तिथून घरी आणणं हे वेगळं काम असतं.

वाय२के_वाले_काका

जुन्या लोकांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय.

आम्ही आलो ते २००० च्या आगेमागे. वर्ष बदलताना संगणक बंद पडतील या भीतीने जपानी बँका आणि कंपन्यांनी भारतातून प्रोग्रॅमर आणले, त्यातलेच आम्ही. ऑफिसं ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागात. तोझाई लाइन या तिन्ही ठिकाणांवरून जाते, आणि निशी-कासाईहून ओतेमाची पंधरा-सोळा मिनिटं, गाडी न बदलता. त्यातून भाडं शहरापेक्षा कमी. एवढं गणित पुरेसं होतं.

पण घर मिळणं सोपं नव्हतं. एका एजंटने मला तोंडावर सांगितलं होतं की मालक परदेशी माणसाला देत नाहीत. जामीनदार जपानी हवा, शिवाय मालकाला परत न मिळणारी भेटरक्कम द्यायची. आम्हाला तारलं ते युआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींनी. तिथे जामीनदार लागत नाही, भेटरक्कम नाही, फक्त उत्पन्नाचा दाखला आणि अनामत. कोजिमाचो आणि सेइशिनचो इथल्या त्या मोठ्या चौकोनी इमारतींमध्ये एकाने घर घेतलं, त्याने मित्राला सांगितलं, मित्राने भावाला. भारतीय वस्ती इथे वाढण्याचं हेच खरं कारण.

आणि त्यात एका माणसाचा फार मोठा वाटा आहे: जगमोहन चंद्राणी. चहाचे व्यापारी, मूळ कोलकात्याचे, १९७० च्या दशकाच्या शेवटापासून जपानात. आम्ही पोरं आलो तेव्हा शाकाहारी जेवणाचे वांधे होते. त्यांनी जेवणाची सोय केली, घरमालकांशी बोलले, एदोगावातल्या भारतीयांची संघटना उभी केली. इथली दिवाळीची जत्रा बघून आज लोक खूश होतात, त्यामागे अशी माणसं आहेत.

आपल्या माणसाचं सांगायचं तर योगेंद्र पुराणिक. अंबरनाथचे, पुण्यात शिकलेले, इथे लोक त्यांना योगी म्हणूनच ओळखतात. एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर ते निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतात जन्मलेले ते पहिले. ६,४७७ मतं पडली. भारतीयांची मतं त्यात मोजकीच असणार, कारण मत द्यायला जपानी नागरिकत्व लागतं. म्हणजे शेजारच्या जपानी मंडळींनी त्यांना निवडून दिलं. पुढे २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी शाळेचे प्राचार्य झाले. हे लिहिताना आजही ऊर भरून येतो.

गोदाकाठ

काका, +१. फार छान लिहिलंत.

खाडीकाठचा, तुमच्याशी थोडी असहमती नोंदवतो. व्यवस्था असतेच, पण ती रोज पाळणारी माणसंही लागतात. फलाटावर गाडी सुटताना गार्ड काय करतो ते जवळून बघितलंय का? पांढरा हातमोजा, तर्जनी ताठ. आधी दरवाजांच्या रेषेकडे हात, तोंडाने शब्द. मग सिग्नलकडे हात, पुन्हा शब्द. मग मॉनिटरकडे. आसपास कुणी ऐकत नाही, कुणी तपासत नाही, तरी प्रत्येक वेळी तोच क्रम. गाडी हलली की खिडकीतून अर्धा बाहेर येऊन फलाट संपेपर्यंत बघत राहतो.

खाडीकाठचा

@गोदाकाठ, तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं, आणि ते दृश्य मलाही आवडतं. पण ते हात दाखवून मोठ्याने म्हणणं हीसुद्धा शिकवलेली, मोजून पाहिलेली पद्धत आहे. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये प्रयोग केला होता. नुसतं बघून काम केलं तर १०० कृतींमागे २.३८ चुका, हात दाखवून आणि बोलून केलं तर ०.३८. म्हणजे डोळा एकटा चुकतो, त्याच्या जोडीला हात आणि तोंड दिलं की चूक कमी होते. माणूस थकणार, त्याचं लक्ष उडणार, हे आधीच गृहीत धरलंय. मला याच गोष्टीबद्दल आदर वाटतो.

फलाटावरच्या पिवळ्या उठावदार फरश्यांचंही तसंच. मियाके सेइइची यांनी १९६५ मध्ये त्या अंध माणसांसाठी तयार केल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या, आणि आज आपल्या मेट्रो स्टेशनांतही त्या दिसतात.

प्रवाशांनाही असंच वळण लावायचा प्रयत्न झालाय. २०१९ च्या जानेवारीत मेट्रोने तोझाई लाइनीच्या प्रवाशांना सांगितलं की गर्दीच्या आधीच्या गाडीने जा. २,००० लोक दररोज तयार झाले तर सर्वांना तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेले पदार्थ) फुकट, २,५०० झाले तर सोबा (शेवया), ३,००० झाले तर दोन्ही. जगभर त्याची बातमी झाली. मला ती कल्पना मनापासून आवडली, कारण गर्दीबद्दल प्रवाशाला दोष न देता त्याला वेळ बदलायचं कारण दिलं.

अर्थात गर्दी खरी उतरली ती करोनात. २०२० च्या मोजणीत १९९ चे १२३ टक्के झाले. आता पुन्हा १५० च्या घरात आहे.

वादळवारा

एक गोष्ट राहिली, वाऱ्याची.

२८ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री तोझाई लाइनीच्या अराकावावरच्या पुलावर चालत्या गाडीला चक्रीवाताने गाठलं. शेवटचे दोन डबे पुलावरच आडवे झाले. वीसपेक्षा जास्त माणसं जखमी झाली, सुदैवाने कुणी दगावलं नाही. निशी-कासाई तेव्हा उघडायचं होतं. आजही वारा ठरावीक मर्यादेपुढे गेला की पुलावर गाड्या हळू होतात किंवा थांबतात, तेव्हा चिडू नका. गाडी पाच मिनिटांहून जास्त उशिरा आली की उशिराचा दाखला मिळतो, मेट्रोच्या संकेतस्थळावरही असतो. ऑफिसात तो चालतो.

दुसरं पाण्याचं. एदोगावा वॉर्डाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघर पुराचा नकाशा वाटला, त्यावर आपल्याच वॉर्डाच्या नकाशावर छापलं होतं: 'इथे थांबू नका.' म्हणजे मोठा पूर येणार असं कळलं की वॉर्ड सोडून बाहेर जा. सरकारी कागदावर इतकं स्पष्ट लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. घर घेताना हा नकाशा जरूर बघा आणि शक्यतो वरचा मजला घ्या.

निघालोय_एप्रिलमध्ये

सगळ्यांचे आभार, एका बैठकीत वाचून काढलं. पुण्याहून एप्रिलमध्ये येतोय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी दोन महिन्यांनी. ऑफिस निहोनबाशीला. निशी-कासाईलाच घर बघावं का? पास कसा काढायचा? शाळेचं काय?

सदाफुली

दादा, शाळेसाठी तरी निशी-कासाई सोयीचं आहे. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा इथेच आहे. पण वॉर्डाच्या जपानी शाळेचाही विचार करा. माझी मुलगी तिथेच जाते. पहिले सहा महिने मला जड गेले, तिला नाही. शाळा चालत जायच्या अंतरावर असते आणि मुलं गटाने जातात. दोन्ही ठिकाणी जाऊन बघा आणि मगच ठरवा. वहिनी आल्या की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा.

वाय२के_वाले_काका

युआरचं घर मिळत असेल तर पहिलं तेच बघ. निशी-कासाईत नाही मिळालं तर कासाई, नाहीतर पुढे ग्योतोकू. लाइन तीच, ऑफिसला वेळ थोडाच वाढतो. कुकर आण, तुरीची डाळ आणू नकोस, इथे सगळं मिळतं.

खाडीकाठचा

पासाचं सांगतो. एक, तीन आणि सहा महिन्यांचा असतो, पास्मो या प्रवासाच्या कार्डावरच छापून मिळतो. बहुतेक कंपन्या पासाचे पैसे देतात आणि महिन्याला दीड लाख येनपर्यंत त्यावर कर लागत नाही. त्यामुळेच इथली माणसं लांब राहायला कचरत नाहीत. सहा महिन्यांचा स्वस्त पडतो, पण घर पक्कं होईपर्यंत एकाच महिन्याचा घ्या.

एक खबरदारी. संध्याकाळी ओतेमाचीहून रॅपिड गाडी समोर आली तर तिच्यात बसू नका, ती तोयोचोनंतर थेट उरायासूलाच थांबते. सकाळी मात्र शहराकडे जाणारी कम्यूटर रॅपिड उरायासूपासून पुढे सगळीकडे थांबते, ती चालेल.

आणि सायकल घेतलीत की दुकानातच तिची पोलीस नोंदणी करून घ्या, थोडेसे पैसे लागतात. स्टेशनाजवळ रस्त्यावर लावू नका. वॉर्डाची माणसं उचलून नेतात, मग लांबच्या आवारात जाऊन दंड भरून सोडवावी लागते. महिन्याच्या पार्किंगसाठी आल्या आल्या अर्ज टाका, एप्रिलमध्ये शाळा-कॉलेजं सुरू होतात तेव्हा जागा पटकन संपतात.